रिमोट म्हणून घेतलं, आता पाच दिवस हिंजवडी. राजीनामा द्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आयटीतल्या, विशेषतः एचआरमधल्या लोकांचा सल्ला हवा आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये पुण्यातल्या एका कंपनीत टेस्टिंगला लागले. मुलाखतीत "नाशिकहून केलंत तरी चालेल" म्हणाले होते, पण ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण पुणेच आहे. आता मेल आलाय: १ एप्रिलपासून पाचही दिवस ऑफिस. ज्यांना जमणार नाही त्यांनी 'पुढील पर्यायांसाठी' एचआरशी बोलावं. मॅनेजरला विचारलं तर म्हणे, "माझंच काय होतंय ते बघतोय."

नवरा इथे ज्युनिअर कॉलेजला शिकवतो, मुलगी दुसरीत. सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसते आणि स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) माझी पाळी आली की तेवढ्यापुरतं अनम्यूट करते, कारण आत कुठलं ना कुठलं मशीन वाजतच असतं. वाकडला पीजी घेऊन राहणं पैशाने जमेलही, पण इथलं कोण बघणार?

बरं, ऑफिसात तरी काय? टीममधले जे जातात ते सांगतात, साडेनऊनंतर पोचलं तर जागा मिळत नाही, कँटीनमध्ये बसा. आमचे कॉल चेन्नई आणि पोलंडशी. मग बोलावतात कशाला? मला तरी वाटतं, माणसं कमी करायचीत पण लेऑफ म्हणायचं नाहीये. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करणार म्हटलं तर केवढा गहजब झाला. आपणहून गेलेल्यांची बातमी होत नाही. अ‍ॅमेझॉनने जानेवारी २०२५ पासून पाच दिवस केले तेव्हाही हीच कुजबुज होती; त्यांचे सीईओ अँडी जेसींनी ती नाकारली, ते सोडा.

ग्रॅच्युइटीची पाच वर्षं सप्टेंबरमध्ये भरतात. ४ वर्षं २४० दिवसही चालतात असं ऐकलंय, ते मेच्या मध्यावर. एप्रिलमध्ये गेले तर दोन्हीकडून गेलं. आणि सासूबाई माझ्याच ग्रुप इन्शुरन्समध्ये आहेत. १ तारखेला गेलेच नाही तर काय करतील?

प्रतिसाद (एचआरवाला): ताई, राजीनामा टाकू नका. पोर्टलवर एकदा ते बटण दाबलं की तुम्ही स्वेच्छेने गेलात, मग भरपाईचं बोलायला जागा उरत नाही. पण न कळवता घरीही बसू नका. 'अ‍ॅबस्काँडिंग'चा शेरा लागला की पुढच्या बॅकग्राउंड चेकला तोच आडवा येतो. सूट लेखी मागा, डायलिसिसचे कागद जोडा. एचआरने फोनच केला तर फोन ठेवल्याबरोबर "आपलं असं असं बोलणं झालं" असा मेल टाका.

२४० दिवसांचं मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालावरून आलंय, कायद्यात पाच वर्षंच आहेत. काही कंपन्या देतात, काही हात वर करतात. नोटीस पिरियड किती? तोही नोकरीतच धरला जातो.

प्रतिसाद: नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. छाटणी केली तर एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. मात्र 'कामगार' असाल तर. हाताखाली कोणी नसेल आणि स्वतः टेस्टिंग करत असाल तर तसा दावा करता येतो. पदाचं नाव लीड असो की आणखी काही, बघतात ते प्रत्यक्ष काम. पुण्यातली नाइट्स ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना अशी प्रकरणं कामगार खात्याकडे नेते, त्यांना विचारा. ऑफर लेटरवर पुणे आहे ही तुमची कच्ची बाजू.

धागाकर्ती: नोटीस ९० दिवसांची आहे! म्हणजे अगदीच वेळ आली आणि १ एप्रिलला राजीनामा दिला, तरी मे ओलांडते. हाताखाली कोणी नाही. सूट मागणारा मेल आज रात्रीच लिहिते. इन्शुरन्सचं कोणाला माहीत आहे का?

प्रतिसाद (एचआरवाला): ओलांडाल, पण नोटीसचे पैसे देऊन आधीच मोकळं करतात कधीकधी, ते कलम बघा. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज कव्हर संपायच्या आत करायचा. डायलिसिस चालू असताना हप्ता किती लावतील, मुळात घेतील का, ते त्यांच्याकडून आत्ताच लेखी मागवा. एचआरला सांगायची गरज नाही.