पुण्यात भव्य टॉकीज होती कधी? भव्य होती ती हौस!

तिरकस_पेठकर
एखादं टॉकीज बंद पडलं की दोन दिवस सगळीकडे उमाळे येतात. 'पर्व संपलं', 'वारसा गेला', आणि मग जो तो आपण कुठे कोणता पिक्चर पाहिला ते सांगत सुटतो. माझं म्हणणं थोडं कडू आहे. मुंबईच्या रीगल, इरॉस, मेट्रोच्या पंगतीला बसवावं असं आपल्या पेठांत काय होतं हो? बहुतेक ठिकाणी वर पंखे, खाली लाकडी खुर्च्या आणि बाहेर सायकल स्टँड.

भव्य होती ती सिनेमा पेश करायची हौस. गंगाधरपंत पाठकांनी 1915 साली मंडईजवळ आर्यन सिनेमा काढला, पुण्यातलं पहिलं कायमचं थिएटर. 1920 साली बाबूराव पेंटरांचा 'सैरंध्री' तिथेच लागला. कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्यांनी पेंटरांना सुवर्णपदक दिलं, 'सिनेमाकेसरी' म्हटलं. मूकपटाच्या खेळाला टिळक! याहून मोठी जाहिरात कुठल्या संगमरवरी जिन्याने केली असती?

त्याच्याही आधी फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'ची जाहिरात केली होती: सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं तीन आण्यांत. गोष्ट काय, नट कोण, काही नाही. थेट लांबी आणि भाव. मंडईतल्या माणसाला कळेल अशी भाषा.

आमच्या वेळेपर्यंत यातलं थोडं शिल्लक होतं. खेळाआधी रेकॉर्ड लागायची, दिवे एकेक ओळ करत मंद व्हायचे, आणि मखमली पडदा अजून पुरता वर गेलेला नसतानाच त्याच्या चुण्यांवर सेन्सॉरचं सर्टिफिकेट उमटायचं. वाकडंतिकडं, अक्षरं लाटांसारखी हलणारी. पडदा वर जाईल तशी ती सरळ होत जायची. ऑपरेटर आणि पडदा ओढणारा यांचं जमलेलं असायचं म्हणून ते दिसायचं.

यात इमारतीचा काय संबंध? म्हणून म्हणतो, भिंती जाऊ द्या. मल्टिप्लेक्सवाल्यांना विचारा, एवढे पैसे घेऊन तुम्ही साधा पडदा का उघडून दाखवत नाही?

अपूर्णविराम
साफ असहमत. 'भिंती जाऊ द्या' म्हणायला काय जातंय?

अप्पा बळवंत चौकातलं प्रभात घ्या. सरदार किब्यांनी 1934 साली बांधलं आणि प्रभात फिल्म कंपनीच्या मंडळींनी चालवायला घेतलं. कंपनी आदल्याच वर्षी कोल्हापूरहून पुण्यात आलेली. म्हणजे स्टुडिओत, आज जिथे एफटीआयआय ही फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे, सिनेमा बनवायचा आणि गावातल्या आपल्याच थिएटरात दाखवायचा. ही सोय किती शहरांच्या नशिबी होती? भाडेकरार संपला म्हणून 2014 च्या अखेरीस प्रभात हे नाव उतरलं, तेव्हा तुमच्यासारखेच लोक म्हणाले की संपलं. पुढे मूळ मालकांनी त्याच वास्तूत 'किबे लक्ष्मी' नावाने खेळ सुरू केले. इमारत उभी होती म्हणून सुरू करता आले.

आणि तुमच्या आर्यनचं काय झालं? पाडलं. आज तिथे पार्किंग आहे. टिळकांनी जिथल्या सिनेमाचं कौतुक केलं तिथे आता लोक पावती फाडून गाडी लावतात आणि श्रीखंडासाठी चक्का आणायला जातात. त्या हौसेला आता कुठे उभं करणार, दुसऱ्या मजल्यावरच्या दुचाकींच्या रांगेत?

सुमेधा_क
दोघांनाही नमस्कार. आता जरा बायकांच्या बाजूने.

या 'पर्वात' आम्ही कुठे होतो? पेठेतल्या एका थिएटरात, नाव नको, मध्यंतरात आई मला हाताला धरून घेऊन जायची आणि दार आतून लागत नाही म्हणून स्वतः बाहेर पाठ लावून उभी राहायची. खुर्चीत ढेकूण. पुढच्या रांगेत कुणीतरी पाय वर घेतलेले, तेही 'समोरच्या खुर्चीवर पाय ठेवू नयेत' ही स्लाइड पडद्यावर असताना. खिडकी उघडायच्या आत हाऊसफुल्लचा बोर्ड, आणि तीच तिकिटं कोपऱ्यावर दुप्पट भावात. हीसुद्धा हौसच ना? लोकांना तंगवून गर्दी दाखवण्याची?

मखमलीच्या चुण्या मी पाहिल्यात, सुंदर होत्या. पण रात्री नऊच्या खेळाला माझी मुलगी आज मैत्रिणींबरोबर मल्टिप्लेक्सला जाते तशी मी कधीही गेले नाही. जाऊच दिलं नसतं. मला मॉलमधला एसी आणि स्वच्छतागृह द्या, पडदा घरी उघडीन मी.

चहा_बिस्कीट
सुमेधाताई, +१. गावात सगळे आठवणीत रमलेत आणि ढेकणांचं नावही काढत नाहीत.

रीळ_नंबर_सात
माझे मामा ऑपरेटर होते, त्यामुळे थोडं बूथमधून, म्हणजे प्रोजेक्टरच्या खोलीतून, बोलतो.

पेठकर, हौस आणि इमारत वेगळी काढता येतात हेच मुळात पटत नाही. हौस आली कुठून ते बघा. मालकाकडे पडदा एक, खुर्च्या आठशे-हजार, आणि पिक्चर एक. तो पडला तर दुसरा लावायला दुसरा पडदा नाही. त्यात प्रिंटा मोजक्या. मुंबईत लागलेला पिक्चर लहान गावात पोचायला महिने जायचे, म्हणून प्रत्येक गावात तो नव्याने विकावा लागायचा: बँड लावून हातगाडीवर पोस्टर फिरव, रंगवलेलं बॅनर टांग, शोकेसमधले फोटो बदल, दाराशी गाण्यांची पुस्तिका विक. मालकाला गावाची नस माहीत असायची. आता एकाच शुक्रवारी देशभर हजारो पडद्यांवर लागतो, पहिल्या तीन दिवसांत काय व्हायचं ते होतं, आणि जाहिरात मुंबईहून फोनवर येते. मॅनेजरला पिक्चर विकायचाच नसतो. एक नाही चालला तर संध्याकाळपर्यंत त्याचे खेळ दुसऱ्याला. तो विकतो पॉपकॉर्न.

बूथमधली कसरत तर लोकांना ठाऊकच नाही. दोन मशीन शेजारीशेजारी. दोन हजार फुटांचं रीळ साधारण बावीस मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका येतो. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर चालू. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, की इकडचा झोत बंद, तिकडचा सुरू. मामांचा एक डोळा खिडकीवर आणि एक कार्बनवर, कारण झोत दोन कार्बनकांड्यांच्या ठिणगीचा. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, हाताने जवळ नाही आणल्या तर पडदा पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. एका प्रिंटवर दोन थिएटरं चालायची तेव्हा रिळं सायकलवरून यायची. सायकल पंक्चर झाली की मध्यंतर लांबलं, आणि चहावाला खूश.

हे सगळं त्या खोलीत घडत होतं. खोली गेली, कसब गेलं. आता रिळांऐवजी सर्व्हर, आणि खोलीला कुलूप.

कॅम्पातला
सगळा धागा पेठांतच चाललाय म्हणून आठवण करून देतो, पेठांबाहेरही पुणं होतं.

कॅम्पातली थिएटरं गोऱ्या सोजिरांसाठी होती आणि तिथली शान वेगळी होती. म्हणूनच 24 जानेवारी 1943 ला छोडो भारतच्या क्रांतिकारकांनी बॉम्ब ठेवायला कॅपिटॉल निवडलं. ते पुढे व्हिक्टरी झालं. त्यांतल्या भास्कर कर्णिकांनी पकडल्यावर फरासखाना पोलीस चौकीत विष घेऊन प्राण दिला. पेठकर म्हणतात इमारतीचा संबंध काय. कॅपिटॉल-व्हिक्टरी पाडून काच लावली की ही गोष्ट पोराला कुठे उभं राहून सांगायची?

तिरकस_पेठकर
कॅम्पातले, ते स्वातंत्र्याचं स्मारक झालं, सिनेमाचं नव्हे. तेवढ्यासाठी दगड बसवा, मी स्वतः नारळ फोडायला येतो.

रीळसाहेब, तुमचा मुद्दा मला अडचणीचा आहे हे मान्य. पण भयपटवाला विल्यम कॅसल आठवा. 1958 साली 'मकाब्र'साठी त्या अमेरिकन पठ्ठ्याने प्रेक्षकांचा एक हजार डॉलरचा विमा उतरवला, भीतीने मेलात तर पैसे मिळतील म्हणून. पुढच्या वर्षी 'द टिंगलर'ला काही खुर्च्यांखाली थरथरणाऱ्या मोटरी बसवल्या. पिक्चर सुमार, थिएटर जिथे मिळेल तिथलं. म्हणजे डोकं असेल तर महाल लागत नाही. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये सेल्फीसाठी नटाचा पुठ्ठा उभा करतात, तिथवरच आमची कल्पनाशक्ती.

हिशेबी
सगळे भावनेवर बोलताय, आकड्यावर कुणी येईल का?

करमणूक कराचा कायदा 1923 चा. जीएसटी येईपर्यंत, म्हणजे 2017 पर्यंत, शहरात हिंदी-इंग्रजी पिक्चरच्या तिकिटावर 45 टक्के कर होता. मराठीला माफी, पण नुसत्या मराठीवर वर्ष निघत नाही. 2001 मध्ये मल्टिप्लेक्स आणायचे म्हणून सरकारने त्यांना पहिली काही वर्षं करात सूट दिली. शेजारच्या जुन्या थिएटरवाल्याला काय दिलं? त्याने तोच कर भरायचा, तिकीट स्वस्त ठेवायचं, आणि वर ढेकणांबद्दल ऐकून घ्यायचं. जागा विकायला गेला तर नव्या इमारतीतही थिएटर ठेवायची अट गळ्यात. म्हणजे चालवता येत नाही आणि मोडताही येत नाही.

सुमेधाताई, तुमचा अनुभव खरा आहे. पण दाराला कडी का नव्हती, याचं थोडं उत्तर त्या 45 टक्क्यांतही आहे.

सुमेधा_क
हिशेबी, कर कितीही असो, कडीला आठ आणे पडत होते. आणि ब्लॅकच्या तिकिटांवर कुठला कर भरत होते तुमचे मालक? मखमलीला पैसे होते.

अपूर्णविराम
मखमलीला होते कारण मखमल बघायला लोक यायचे. कडी बघायला कोण येतं?

सुमेधा_क
अर्धं पुणं आलं असतं. अजूनही येईल. किबे लक्ष्मीला मराठी पिक्चर लागला की मला कळवा. मी सासूबाईंना आणि त्यांच्या भिशीतल्या बायकांना घेऊन येते, आणि आधी बाल्कनीतलं दार बघते. मग बोलू तुमच्या वारशावर.