जावाचं बिऱ्हाड: स्वस्तातलं होस्टिंग आणि आपले अनुभव

मधली_आळी:
परवा आईने विचारलं, "ती तुझी भिशीची साईट आहे का रे अजून?" नाहीये, २०१५ मध्येच बंद केली. पण तिने विषय काढला म्हणून जुना मेलबॉक्स उघडला, तर होस्टिंगवाल्याशी, म्हणजे साईटला भाड्याने जागा देणाऱ्याशी, झालेला सगळा पत्रव्यवहार तसाच पडलेला. तक्रारींची ४१ तिकिटं. मोजली.

२००९ ची गोष्ट. नोकरीत जावा ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यात साईट बनवायचं जेएसपी-सर्व्हलेट नुकतंच शिकलो होतो, हाताला खाज. आईच्या भिशीत अठरा बायका. कुणाचा हप्ता आला, चिठ्ठी कुणाची निघाली, सगळं एका शंभर पानी वहीत. घरच्या मशीनवर टॉमकॅटमध्ये (जावाची साईट चालवणारा सर्व्हर) आठवड्यात साईट उभी राहिली. मग होस्टिंग शोधायला निघालो. वर्षाला हजार-बाराशेत "अनलिमिटेड" सगळं मिळत होतं, पण पीएचपी या दुसऱ्या भाषेवाल्यांना. जावा म्हटलं की दर वाढला, आणि वाढीव दरातही मिळणार शेअर्ड टॉमकॅट. एकाच जेव्हीएममध्ये (जावा चालवणारा प्रोग्राम) माझ्यासकट कितीतरी जणांच्या वॉर फाईली (साईटची गाठोडी), एकाच नळावर सगळी चाळ. मी नवीन वॉर चढवली तरी रीस्टार्ट ते करणार, रात्री, त्यांच्या वेळेला. शेजारच्याने दिवसभरात चारदा डिप्लॉय केलं, म्हणजे नवीन वॉर चढवली, की पर्मजेन हा जेव्हीएमच्या मेमरीतला कप्पा भरायचा आणि आडवा मी व्हायचो.

एकदा नेमकी चिठ्ठीच्या संध्याकाळी साईट बंद. हॉलमध्ये अठरा बायका, पोहे निवतायत, आईचा फोन: "अरे, पाचशेतीन का काय म्हणतंय." तिकीट टाकलं. उत्तर आलं, कृपया ब्राउझरची कॅशे साफ करून पाहा. शेवटी वही काढली. वही अजून चालू आहे.

तर लिहा. स्वतःच्या छोट्या प्रोजेक्टसाठी जावा कुठं ठेवलंत, काय भोगलंत. होस्टिंगवाल्यांची नावं घेऊन भांडणं नकोत, मागच्या धाग्यावर झाली तेवढी पुरे.

सौ_टके:
शीर्षक वाचून सासरच्या जावांबद्दल लिहायला आले होते. खास चहा टाकून. वेगळं बिऱ्हाड थाटण्याचा अनुभव आमच्याकडे भरपूर आहे हो.

मधली_आळी:
तेही चालेल, लिहा.

सौ_टके:
नको, धाकटी वाचते इथलं.

डबा_पार्सल:
गूगल अ‍ॅप इंजिन विसरलात का सगळे? गूगलच्या मशीनवर आपला प्रोग्राम चालवायची सोय. त्याच साली, २००९ मध्ये, त्यावर जावा आलं. फुकट, कार्डसुद्धा मागत नव्हते. पण फाईल लिहायची नाही, थ्रेड (समांतर चालणारं काम) काढायचा नाही, जावाबरोबर येणाऱ्या तयार क्लासपैकी बरेच परवानगीच्या यादीबाहेर. तुमचं मायएसक्यूएल (तक्त्यांचा डेटाबेस) घरी ठेवून या, इथं गूगलचं डेटास्टोअर. जॉइन मारायची, म्हणजे दोन तक्ते जोडून माहिती काढायची, सवय मोडता मोडता जीव गेला. आणि बराच वेळ कुणी आलं नाही की इन्स्टन्स, म्हणजे आपल्या प्रोग्रामची चालू प्रत, बंद. पुढचा पाहुणा दारात उभा, आत स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) उठून दात घासतंय. ३० सेकंदांत उत्तर गेलं नाही की विनंतीच रद्द. मग मी क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून स्वतःच्याच घराची बेल दर मिनिटाला वाजवत बसायचो.

चुलीवरचं:
पीएचपी घ्या. सुखी व्हा.

डबा_पार्सल:
आले. तिसऱ्याच पानावर येतील वाटलं होतं, पहिल्यावरच आले.

जिन्याखालचा:
लोकलमध्ये आहे, थोडक्यात लिहितो (जमणार नाही). जाहिरातीत डिस्क आणि बँडविड्थ मोठ्या अक्षरात असतात. जावाला त्याचं काय लोणचं घालायचंय? रॅम बघा. मी २०१६ ला महिना ५ डॉलरचं व्हीपीएस (मोठ्या मशीनमधला आपला आभासी सर्व्हर) घेतलं, ५१२ एमबी. स्प्रिंग बूटचा एक जार, शेजारी मायएसक्यूएल. चाललं! घरच्यांना फोन करून सांगितलं. सकाळी अ‍ॅप गायब. लॉगमध्ये एक्सेप्शन नाही, स्टॅकट्रेस नाही, शेवटची ओळ कुणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखी अर्ध्यात तुटलेली. दोन दिवस स्वतःच्या कोडमध्ये चोर शोधत होतो. मग ऑफिसातला एक जण म्हणाला, डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, बघ. तिथं एका ओळीत लिहिलेलं: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, पुढे जावा. मेमरी संपली म्हणून कर्नलनेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानेच, उडवलेलं. जेव्हीएमला आपण मेलो हे कळतच नाही, लॉग कोण लिहिणार.

मग १ जीबीची स्वॅप फाईल केली (रॅम कमी पडली की डिस्कवरची जागा), एक्सएमएक्स ही जावाच्या मेमरीची मर्यादा १६० एमबी, सिरियल जीसी (नको झालेली मेमरी मोकळी करायचा साधा प्रकार), टॉमकॅटचे थ्रेड २०० वरून २०, मायएसक्यूएलचं परफॉर्मन्स स्कीमा (स्वतःची मोजमापं ठेवणारा भाग) बंद. एक लक्षात ठेवा, एक्सएमएक्स म्हणजे फक्त हीप, आपल्या ऑब्जेक्टची जागा. मेटास्पेस, थ्रेडचे स्टॅक, कोड कॅशे सगळं त्याच्या वर. १६० देऊनही माझी प्रोसेस तीनशेच्या आसपास बसायची. दादर आलं, थांबतो.

सौ_टके:
सिरियल कुठली ते नाही सांगितलंत.

ओसरी:
सकाळी पहिला जो येईल त्याला एरर, रिफ्रेश केलं की सगळं ठीक. हा आजार कुणाला झालाय? मी गावातल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी ऑनलाइन केली होती, तिला दीड महिना होता. मायएसक्यूएलचा वेट टाइमआउट, म्हणजे गप्प बसलेली जोडणी तोडायची मुदत, मुळात २८८०० सेकंद असतो, म्हणजे आठ तास. वाचनालय रात्री आठला बंद, सकाळी आठला उघडणार. मधे मायएसक्यूएलने जोडणी तोडलेली, आणि आमच्या पूलला (तयार जोडण्यांचा साठा) वाटतंय आपलं अजून बोलणं चालू आहे. वाचनालयाचे काका बिचारे रोज सकाळी दोनदा क्लिक करायचे. मला वाटायचं त्यांना डबल क्लिकची सवय आहे! हसायचे मी त्यांना. पूलमध्ये जोडणी जिवंत आहे का बघणारी 'सिलेक्ट १' ची चाचणी टाकली, एका ओळीत आजार गेला. काका अजूनही दोनदाच क्लिक करतात.

मराठी नावांची प्रश्नचिन्हं होणं हा दुसरा भोग. घरी सगळं छान, सर्व्हरवर लेखकाच्या जागी नुसतं ?????? . सर्व्हरचं लोकेल (भाषेची सेटिंग) काहीच लावलेलं नव्हतं, त्यामुळे जावाने आपल्या मनाने एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरलेलं. सुरू करतानाच फाईल एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगायला लागलं. जावा १८ पासून ते आपोआप असतं, आत्ताच्या मुलांना कळणारही नाही हे दुःख.

चुलीवरचं:
कुठलं वाचनालय? सांगली बाजूला का?

ओसरी:
मिरजेजवळ. तुम्ही?

चुलीवरचं:
विश्रामबाग! सांगा की आधी. पीएचपीचं मागे घेतो.

हिंजवडी_वनवास:
हेरोकू या होस्टिंगच्या फुकट डायनोवर (अॅप चालवणारा त्यांचा कप्पा) माझं लग्नाचं आमंत्रण होतं. एक पान. जावात. स्प्रिंग बूट, पान बनवायला थायमलीफ, खाली पोस्टग्रेस डेटाबेस, त्यात 'येणार/नाही येणार' चा एक तक्ता. हसा. अर्धा तास कुणी उघडलं नाही की डायनो झोपायचा, आणि आमचे नातेवाईक बरोबर पस्तीस मिनिटांच्या अंतराने उघडायचे. मामांनी ग्रुपवर लिहिलं, "अक्षता पडल्या तरी पत्रिका उघडेना." २८ नोव्हेंबर २०२२ ला फुकट प्रकार बंद झाला तेव्हा पोरगं बालवाडीत होतं आणि पत्रिका अजून चालू होती. बायको म्हणाली, आता तरी उतरव ते.

डबा_पार्सल:
एक एचटीएमएल फाईल पुरली असती भावा.

हिंजवडी_वनवास:
तेव्हा सासरेबुवांवर छाप पाडायची होती.

राईनकाठ:
इथे जर्मनीत मी घेतलं तेव्हा चार-पाच युरोत ४ जीबीचं मशीन मिळत होतं, म्हणून अ‍ॅप इकडे हलवलं. डेटाबेस मात्र जुन्याच ठिकाणी, बंगळुरूला, कारण हलवायचा कंटाळा. तिकडे जाऊन यायला दीडशे मिलिसेकंद. ठीक आहे म्हटलं. पण हायबरनेट (जावा आणि डेटाबेसमधला दुवा) एका यादीसाठी गुपचूप ३० क्वेऱ्या मारत होतं. तीस गुणिले दीडशे, पान उघडायला साडेचार सेकंद. आठवडाभर सर्व्हर स्लो म्हणून बोटं मोडत होतो. मशीनचा दोष शून्य, दोष माझ्या कंटाळ्याचा.

पावती_क्रमांक:
कोडबिड सोडा, पैसे भरणं हाच खरा ताप. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप कपातीचे नियम लागू झाले आणि माझ्या कार्डावरून परदेशी व्हीपीएसचे पैसे जाणंच थांबलं. आठवणीचे मेल प्रमोशनच्या टॅबमध्ये, साड्यांच्या सेलखाली. व्हीपीएस आधी बंद, मग पुसलं. बॅकअप होता ना. रोज रात्री दोन वाजता नेमाने व्हायचा. त्याच व्हीपीएसवर.

ओसरी:
अरेरे. काय होतं त्यात?

पावती_क्रमांक:
वडिलांच्या गायनाच्या क्लासची तालिका, हजेरी, काही रेकॉर्डिंग. तालिका त्यांनी पुन्हा हाताने लिहिली. रेकॉर्डिंग गेली.

ओसरी:
विद्यार्थ्यांकडे विचारून बघा हो, कुणीतरी उतरवून घेतलेली असतात. आमच्या बाईंची अशीच मिळाली.

पावती_क्रमांक:
विचारतो. सुचलंच नव्हतं.

वरचा_मजला:
मी सगळं घरीच ठेवतो, रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कॉम्प्युटर, ४ जीबी. भाडं शून्य. इंटरनेटवाला सीजीनॅटमागे ठेवतो (अनेक घरांत एकच आयपी), स्वतःचा पब्लिक आयपी नाही, म्हणून बाहेरून घरापर्यंत यायला क्लाउडफ्लेअरचा टनेल. दोन वर्षांत बंद पडलं ते फक्त मिक्सरमुळे. एकच सॉकेट आहे आणि आई चटणीला प्राधान्य देते.

सौ_टके:
बरोबर आहे त्यांचं.

जिन्याखालचा:
टिटवाळा आलं. मधली_आळी, त्या भिशीच्या साईटला एचटीटीपीएस (पासवर्ड वगैरे गुप्त नेणारी जोडणी) होतं का?

मधली_आळी:
२००९ ला? सर्टिफिकेटला वर्षाचे वेगळे पैसे पडायचे. फुकट सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट यायच्या कितीतरी आधीची गोष्ट.

जिन्याखालचा:
म्हणजे अठरा बायकांचे पासवर्ड उघड्यावर.

मधली_आळी:
अठरा कुठले, एकच होता. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला.