गिनीपिगच्या मूत्राशयात ८ मिमीचा खडा: ऑपरेशन करावं का?

चिंगीची_आई (नाशिक)

चिंगी, मादी, ४ वर्षांची. आठवडाभरापासून लघवी करताना कण्हते, बारीक आवाजात ओरडते. टॉवेलवर गुलाबी डाग दिसले म्हणून एक्स-रे काढला, तर मूत्राशयात ८ मिमीचा एक खडा निघाला. वजन ९१० ग्रॅमवरून ८४० वर आलंय. ढोबळी मिरची आणि कोथिंबीर खाते, वाळकं गवत मात्र नावाला. लेंड्या बारीक झाल्यात, पण येताहेत.

इथले डॉक्टर कुत्र्या-मांजरांची ऑपरेशनं नेहमी करतात. गिनीपिगचं केलेलं नाही, पण करू म्हणाले. आदल्या रात्री आठनंतर खायला देऊ नका असं सांगितलंय. तोवर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटचं सिरप दिलंय, ते अजून सुरू केलेलं नाही. पुण्यात ससे, गिनीपिग, पक्षी बघणारे डॉक्टर आहेत, पण अंतर दोनशे किलोमीटरच्या वर. घरचे म्हणतात, एवढ्याशा जिवाला कापाकापी कशाला, मुतखड्याचं आयुर्वेदिक सिरप देऊन बघ. किती दिवस थांबता येईल?

पशुवैद्य_सातारा

सगळ्यात आधी ते अँटिबायोटिक. सुरू करू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधं गिनीपिगला तोंडावाटे दिली की मोठ्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचे घातक जंतू माजतात, त्यांच्या विषाने जुलाब लागतात आणि जनावर काही दिवसांत दगावतं. कुत्र्यांना हेच औषध सर्रास चालतं, म्हणून हातून लिहून जातं. डॉक्टरांना फोन करून एन्रोफ्लोक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा चालेल का ते विचारा.

दुसरं, रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. गिनीपिगला उलटी होतच नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवण्याचं मुख्य कारण इथे लागू नाही. उलट रात्रभर पोट रिकामं राहिलं तर आतडं थंडावतं आणि ऑपरेशननंतर ते पुन्हा चालू करणं हेच सगळ्यात अवघड काम होऊन बसतं. भुलीआधी एक-दोन तास खाणं थांबवलं की पुरे. गिनीपिग गालात चावलेलं गवत धरून ठेवतात आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून भूल देण्याआधी ओल्या कापसाच्या काडीने तोंड आतून साफ करायचं.

आता खडा. गिनीपिगमधले बहुतेक खडे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. कुठल्याही सिरपने, काढ्याने किंवा पथ्याने ते विरघळत नाहीत. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, त्यामुळे ४-५ मिमीपर्यंतचा गुळगुळीत खडा कधीकधी आपसूक पडतो. ८ मिमीचा पडेल या आशेवर राहू नका. तो मूत्रमार्गात अडकला आणि लघवी बंद झाली तर तासांचा प्रश्न होतो. थांबण्यात दुसरंही नुकसान आहे: रोज वजन उतरतंय, आणि तीन आठवड्यांनी ७०० ग्रॅमच्या अशक्त जनावराला भूल देण्यापेक्षा आज ८४० ग्रॅमच्या खात्या-पित्या जनावराला देणं कितीतरी बरं. माझं मत स्पष्ट आहे: मूत्रपिंडं ठीक असतील तर ऑपरेशन, आणि ते याच आठवड्यात.

मूत्रपिंडं ठीक आहेत का हे आधी बघायला हवं. सोनोग्राफीत मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या बघून घ्या, रक्तात क्रिएटिनिन आणि युरिया (मूत्रपिंडं नीट काम करताहेत का ते यावरून कळतं). मूत्रवाहिनीत खडा असेल किंवा दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली असतील तर चित्र एकदम पालटतं. त्याच सोनोग्राफीत अंडाशय आणि गर्भाशयही बघायला सांगा. या वयाच्या मादीत अंडाशयाच्या गाठी खूप आढळतात, आणि लघवीत दिसणारं रक्त गर्भाशयातलंही असू शकतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पुन्हा एक्स-रे हवाच. खडा सरकून मूत्रमार्गाच्या तोंडाशी आला असेल तर गुंगी देऊन तो चिमट्याने बाहेर काढता येतो, पोट उघडावंच लागत नाही.

गिनीघर_ठाणे

नाशिक की पुणे हे ठरवताना अंतर बघू नका, भुलीची सोय बघा. ब्रिटनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीत किंवा त्यानंतरच्या ४८ तासांत दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के होतं, गिनीपिगमध्ये ३.८ टक्के. त्यात आजारी, निरोगी सगळेच आले. म्हणजे अनुभवाचा फरक इथे फार मोठा पडतो.

दोन्ही डॉक्टरांना हे विचारा: आयसोफ्लुरेन किंवा सेव्होफ्लुरेनचं (श्वासातून भूल देण्याचं) मशीन आहे का? निव्वळ झायलाझिन-केटामिनच्या इंजेक्शनवर करणार असतील तर नको, कारण एकदा टोचलं की मात्रा कमी-जास्त करणं हातात राहत नाही. ऑपरेशनभर खालून ऊब असेल का, तापमान कोण बघणार? (गिनीपिगचं तापमान ३७.२ ते ३९.५ अंश असतं. पोट भादरून ओलं केलं की ते भराभर उतरतं आणि मग जनावर भुलीतून उठता उठत नाही.) टाके कातडीच्या आतून घालणार का? बाहेरचे टाके ती दातांनी कुरतडते. खडा काढल्यावर मूत्रमार्ग सलाइनने धुऊन टाके घातल्यावर लगेच एक्स-रे काढणार का? मागे राहिलेला बारीक खडा पुन्हा मोठा होऊ शकतो. वेदनेसाठी काय देणार? मेलॉक्सिकॅमसोबत बुटॉर्फेनॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन असं उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे असं समजा.

या प्रश्नांना नाशिकमध्ये नीट उत्तरं मिळाली तर तिथेच करा. नाहीतर पुणे.

चारापाणी

ऑपरेशन चांगलं होतं आणि गिनीपिग तिसऱ्या दिवशी जातं, असं होतं ते भरवण्यात कमी पडल्यामुळे. पहिले चार दिवस घरात रात्रीसुद्धा भरवणारं माणूस हवं. हे जमणार नसेल तर तेवढे दिवस दवाखान्यात ठेवायची सोय आधी करा, मग तारीख घ्या.

भरवण्यासाठी क्रिटिकल केअरची पूड (आजारी गवतखाऊ जनावरांचं तयार खाणं) मिळाली तर उत्तम. नसेल तर टिमोथी गवताच्या पेलेट (दाबून केलेल्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमध्ये वाटून गाळून घ्या. चिंगीच्या वजनाला दिवसाला ४५ ते ६० मिली लागेल. दर तीन-चार तासांनी ८-१० मिली. सिरिंज समोरून तोंडात घालू नका. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून, बाजूने, एका वेळी अर्धा मिली. ती चावते आणि गिळते हे बघून पुढचं. मान वर करून ओतलं तर फुप्फुसात जातं.

क जीवनसत्त्व गिनीपिगच्या अंगात तयार होत नाही आणि जखम भरायला ते लागतंच. ५०० मिग्रॅची साधी गोळी १० मिली पाण्यात विरघळवली की १ मिलीमध्ये ५० मिग्रॅ येतं. रोज १ मिली, द्रावण रोज ताजं. पाण्याच्या बाटलीत टाकू नका, तिथे ते टिकत नाही.

रोज ठरलेल्या वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. लघवी दोन-तीन दिवस गुलाबी आली तर घाबरू नका. बारा तासांत लघवी किंवा लेंडी नाही, पोट टणक फुगलंय, दात करकरा वाजवतेय, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा नको, जखमेला चिकटतो. जुना सुती टॉवेल घाला.

चिंगीची_आई (नाशिक)

सिरप बाजूला ठेवलंय. सोनोग्राफी झाली: मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या ठीक, डाव्या अंडाशयावर १ सेंमीची गाठ. क्रिएटिनिन ठीक. पुण्याची वेळ घेतलीय. गाठ त्याच वेळी काढावी का? आणि खडा परत होतो का?

पशुवैद्य_सातारा

१ सेंमीची गाठ त्रास देत नसेल तर आता राहू द्या, भुलीची वेळ वाढवण्यासारखी ती नाही. पुढे केस गळायला लागले किंवा गाठ वाढली तर वेगळा विचार.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. पोट उघडल्यावर मूत्राशयाची भिंत खराब झालेली किंवा गाठीने भरलेली निघाली, तर तिला भुलीतून उठवायचं की तिथेच दयामरण द्यायचं, हा निर्णय आदल्या दिवशी शांत डोक्याने घ्या आणि लेखी द्या. ऐन वेळी फोनवर तो घेणं फार जड जातं.

चारापाणी

खडा परत होऊ शकतो, बऱ्याच जणींना होतो. काढलेला खडा तपासायला पाठवा. खाण्यात लसूणघास आणि त्यापासून बनलेल्या सशांच्या स्वस्त पेलेट बंद. मेथी, शेवग्याचा पाला, पालकही नको. टिमोथी किंवा ओटचं वाळकं गवत पोटभर. स्वच्छ जागेची, फवारणी नसलेली हरळी चालेल. भाज्या धुऊन ओल्याच द्या, पाणी पोटात जाईल तेवढं चांगलं.

प्रवास पहाटेचा ठेवा, गाडीत एसी हवा. पिंजऱ्यात गवत आणि काकडीचे काप ठेवा. बाटली लावू नका, ती हिंदकळून अंग भिजवते. आणि ऑपरेशननंतर तिने स्वतःहून गवत तोंडात घेतल्याशिवाय आणि लेंड्या टाकल्याशिवाय पुणं सोडू नका.