मदत हवी आहे: लेंड्यांचे नमुने बर्फाशिवाय कसे न्यावेत?

उस्मानाबादी शेळ्यांत फेनबेंडाझोल हे जंतनाशक जंतांवर अजून लागू पडतंय का, याची पीएचडीसाठी चाचणी सुरू आहे. मात्रा किलोला 10 मिलिग्रॅम, प्रत्येक शेळी काट्यावर तोलून. मेंढीची 5 ची मात्रा शेळीला अपुरी पडते आणि जंतांत औषधाचा प्रतिकार नसतानाही तो आहे असं दिसतं. लेंड्या थेट गुदद्वारातून, 0 आणि 14 व्या दिवशी.

बर्फातले नमुने मॅकमास्टर मोजणीला (सूक्ष्मदर्शकाखाली लेंड्यांतली जंतांची अंडी मोजणं) चालतात. अडतं ते जंत कोणता हे ओळखायला अंड्यांतून अळ्या वाढवताना: गारठ्याने हिमाँकस या जंताची अंडी मरतात, म्हणजे नेमका रक्त पिणारा जंतच कमी भासतो. गरम ठेवलं तर दिवसभरात अंडी फुटतात, मोजणी बिघडते.

अंडी फुटू नयेत म्हणून हवा पूर्ण काढून, पिशवीत दाबून भरलेल्या लेंड्या मे महिन्यात किती तास टिकतात? कोणी केलं असेल तर कृपया नेमकं सांगा.