जिनिंगच्या उत्तरेकडच्या भिंतीले ओल अन् पत्र्याले गंज, इपॉक्सी मारू का?

जिनवाला_वणी
नमस्कार मंडळी. आमची छोटी जिनिंग (कापसातून सरकी काढायचा कारखाना) आहे, शेडची उत्तर बाजू कायम सावलीत, वरून कडुलिंबाची झाडं. खाली चारेक फूट विटांची भिंत अन् वर जीआय पत्रा (झिंकचा थर दिलेला लोखंडी). दक्षिणेचा पत्रा याच्यासोबतच लावला तो चकाचक आहे, इकडच्याले मात्र खालच्या काठाले गंज लागून भोकं पडून राहिली, प्लास्टरचे पोपडे निघते, शेवाळ वेगळंच. ऑइल पेंट मारला तर एका पावसाळ्यात सोलून निघाला. पेंटवाला म्हणते इपॉक्सी (दोन घटक मिसळून मारायचा टणक पेंट) मारा. मारू का?

सिव्हिलवाला_यवतमाळ
थांबा भाऊ, पेंट शेवटी. सावलीची भिंत जास्त भिजते असं नाही, ती वाळत नाही. आपल्याकडं सप्टेंबरअखेर ते मार्च उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन येतच नाही, अन् दव पडते नेमकं याच दिवसांत. रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होते, पहाटे त्यावर पाणी धरते, दक्षिणेचा पत्रा दहापर्यंत सुकून जाते, तुमचा दुपारपर्यंत ओला. मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडं सरकते म्हणून जरा ऊन भेटते, तेवढ्यात पावसाळा सुरू.
पत्र्याच्या खालच्या काठावर बोट फिरवून पाहा, रुईचे तंतू अन् धूळ मिळून लगदा झाला असेल, तो दिवसभर ओल धरून ठेवते. अन् आतून भिंतीले टेकून काय ठेवलं आहे?

जिनवाला_वणी
लगदा आहे, बरोबर बोलले. आतून युरिया-पोटॅशच्या गोण्या, घरच्या शेतीच्या.

सिव्हिलवाला_यवतमाळ
मंग झालं! आपलं नेहमीचं पोटॅश म्हणजे क्लोराइड, हवेतलं पाणी ओढते अन् पत्र्यावरचं झिंक खाते. गोण्या आजच हलवा. बाहेर काळी माती चढून डीपीसीच्या (ओल वर चढू नये म्हणून पायावर दिलेला थर) वर गेली असेल तर खोदून खाली घ्या, तिथूनच ओल विटांत चढते, मंग भिंतीपासून बाहेर उतार देऊन फरशी करा. प्लास्टर परत सिमेंटचं नको, चुन्याचं करा, भिंतीले श्वास घेऊ द्या. शेवाळ ब्लीचिंगनं काढाल तर पत्र्यावर शिंतोडे नको, तेही क्लोरीनच.

फॅब्रिकेटर_दर्यापूर
पेंटचं मी सांगतो. साधा ऑइल पेंट थेट जीआयवर टिकतच नाही, झिंक अन् तेलाचा साबण बनते अन् पापुद्रा सुटते, त्यात पेंटरचा दोष नाही. गंज घासा, एच (etch) प्राइमर, म्हणजे झिंकले घट्ट धरणारा पहिला हात, मारा, मंग वरचा कोट. इपॉक्सी एकटी नको, उन्हात पांढरी पडते, वरून पॉलियुरेथेन पेंटचा कोट पाहिजे. ओल्या पत्र्यावर काहीच मारू नका.
जिथं भोकं पडली तो पत्रा बदलाच. नवा घेतांना चौरस मीटरले झिंक किती ग्रॅम ते विचारा, दुकानात १२० चा माल २७५ म्हणून खपवतात लोक. पत्र्याचं टोक प्लास्टरमध्ये गाडू नका, इंचभर वर ठेवून फ्लॅशिंग (सांध्यावरून पाणी बाहेर टाकणारी पट्टी) द्या. गॅल्व्हल्यूमचा (झिंक-अॅल्युमिनियमचा थर असलेला) पत्रा तर ओल्या सिमेंटजवळ बिलकुल नको.
अन् एक, ग्राइंडर सीझनमध्ये चालवू नका राजेहो, रुईचा कण उडते, ठिणगी पडली तर पेंटचं टेन्शनच राहणार नाही. एप्रिलमध्ये शेड झाडून घ्या, मंग हात लावा.

जिनवाला_वणी
आजच गोण्या काढायले सांगितल्या. झाडं तोडायची का पण?

सिव्हिलवाला_यवतमाळ
तोडता कायले, शेडवरच्या फांद्या छाटा, वारा लागला पाहिजे. अन् पन्हाळीतला पाला काढा, तिथून पाणी उलटून भिंतीवर येत असेल.