‘लिझर्ड’ला मराठीत नेमके काय म्हणावे?

प्रश्न

सरपटणाऱ्या प्राण्यांवरील एका इंग्रजी पुस्तिकेचा शाळकरी वाचकांसाठी मी मराठी अनुवाद करीत आहे. तीत ‘लिझर्ड’ हा शब्द पानोपानी येतो आणि आरंभापासून मी त्यासाठी ‘सरडा’ हा प्रतिशब्द योजला. मात्र दुसऱ्या प्रकरणात ‘संकट ओढवले की सरडा आपली शेपटी टाकून पळून जातो’ असे वाक्य तयार झाले आणि मी थबकलो. पालीने टाकलेली, फरशीवर वळवळत राहिलेली शेपटी मी अनेकदा पाहिली आहे. कुंपणावरच्या सरड्याने शेपटी टाकलेली मात्र एकदाही पाहिलेली नाही. येथे प्रतिशब्द चुकला आहे की मूळ माहिती? आणि या सर्व प्राण्यांना सामावून घेणारा एखादा शब्द मराठीत आहे काय?

पहिला प्रतिसाद

माहिती बरोबर आहे. चूक प्रतिशब्दाची आहे. ‘लिझर्ड’ हे एका प्राण्याचे नाव नसून ७,००० हून अधिक जातींच्या मोठ्या समूहाचे नाव आहे. मराठी बोलणाऱ्याने या समूहाकडे समूह म्हणून कधी पाहिलेच नाही. घरात भिंतीवर दिसते ती पाल, कुंपणावर मान हलवतो तो सरडा, पाचोळ्यातून सळसळत जाते ती सापसुरळी आणि बांधावरच्या बिळात शिरते ती घोरपड, अशी प्रत्येकाला त्याने त्याच्या जागेनुसार आणि चालीनुसार वेगळी ओळख दिली. चारही नावे तितकीच जुनी आणि तितकीच ठाम असल्यामुळे त्यांपैकी एकाला उचलून उरलेल्या तिघांवर बसवले की वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध राहते, पण अर्थाने खोटे ठरते.

आपल्या वाक्यात हेच घडले आहे. पालीच्या शेपटीतील मणक्यांमध्येच तुटण्यासाठी कमकुवत जागा असतात. तेथील स्नायू आवळले की शेपटी निखळते, शत्रूचे लक्ष त्या वळवळीकडे गुंतते आणि पाल निसटते. पुढे नवी शेपटी येते, परंतु तिच्यात हाडांच्या मणक्यांऐवजी कूर्चेचा दांडा असतो. अनेक सापसुरळ्यांचेही असेच आहे. आपला नेहमीचा बागेतला सरडा मात्र अशी शेपटी टाकत नाही आणि घोरपड तर शेपटीचा उपयोग चाबकासारखे फटके मारण्यासाठी करते.

डोळ्यांविषयीच्या वाक्यांतही असाच घोटाळा होईल, म्हणून आताच सांगतो. सरड्याला हलणाऱ्या पापण्या असतात. पालीच्या डोळ्यावर पारदर्शक आवरण असते आणि ती ते जिभेने चाटून स्वच्छ करते. भिंतीवर चढण्याचे कसबही पालीचे आहे, कारण तिच्या बोटांखालच्या पट्ट्यांवर असंख्य अतिसूक्ष्म केस असतात. सरड्याला केवळ नख्यांवर भागवावे लागते. ‘सरडे छतावर उलटे चालतात’ असे छापून आले, तर पहिली शंका एखादा विद्यार्थीच काढील.

दुसरा प्रतिसाद

व्युत्पत्तीच्या अंगाने थोडी भर घालतो. ‘सरडा’ हा संस्कृत ‘सरट’ या शब्दापासून आला आणि त्याच्या मुळाशी सरणे, म्हणजे पुढे जाणे, या अर्थाचा धातू मानला जातो. ‘पाल’ संस्कृतात ‘पल्ली’ या रूपात आढळते. तमिळमध्ये ‘पल्ली’ आणि कन्नडमध्ये ‘हल्ली’ हे याच प्राण्याचे शब्द असल्यामुळे तो दक्षिणेकडून आला असावा, हे मत मला पटते. संस्कृतात घोरपडीला ‘गोधा’ आणि पालीला ‘गृहगोधिका’, म्हणजे घरातली छोटी घोरपड, असे म्हणत. दोन प्राण्यांचे नाते जाणवल्याची खूण त्या नावात राहिली आहे. मराठी नावांत ती नाही.

लिंगाकडेही लक्ष असावे. सरडा पुल्लिंगी, तर पाल, घोरपड आणि सापसुरळी स्त्रीलिंगी. अनुवादात ‘पालीचा नर’ किंवा ‘सरड्याची मादी’ असेच लिहावे लागते. तंबू या अर्थाचे ‘पाल’ नपुंसकलिंगी असून त्याचे ‘पालात’ होते, हे जाता जाता सांगतो, कारण ‘पालीत’ आणि ‘पालात’ यांची गल्लत मी छापील मजकुरात पाहिली आहे.

वाक्प्रचारांनी मात्र हे प्राणी कधी एकमेकांत मिसळले नाहीत. शंका आली की मनात पालच चुकचुकते, कारण या मंडळींत आवाज काढणारी म्हणून आपल्या कानांना ती एकटीच परिचित आहे. कुंपणापर्यंतची धाव सरड्याचीच असते आणि चिकटून बसणाऱ्याला घोरपडीचीच उपमा शोभते.

तिसरा प्रतिसाद

‘सरड्यासारखे रंग बदलणे’ या प्रयोगाविषयी एक दुरुस्ती सुचवावीशी वाटते. मराठीत ‘सरडा’ या एका शब्दाखाली दोन निराळे प्राणी दडले आहेत. बागेतल्या सरड्याच्या नराचे डोके आणि खांदे विणीच्या हंगामात लालसर होतात. त्याचे रंग बदलणे बहुतांशी एवढ्यापुरते असते. रंगबदलासाठी ज्याची ख्याती आहे, ज्याचे दोन डोळे स्वतंत्रपणे फिरतात आणि ज्याची शेपटी फांदीला विळखा घालते, तो शॅमेलिऑन महाराष्ट्रातही आढळतो, परंतु सहसा दृष्टीस पडत नाही. पुस्तिकेत तो आल्यास त्याला नुसते ‘सरडा’ म्हणू नये. ‘शॅमेलिऑन’ हेच नाव ठेवावे.

‘सरडा’ हा शब्द २०१६ मध्ये थेट शास्त्रीय नामावलीत गेला आहे, हे येथे सांगायलाच हवे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याखाली निळ्या, काळ्या आणि नारिंगी रंगांचा पंखा उघडून मादीला आकर्षित करणारा जो लहान सरडा दिसतो, त्याच्यासाठी आणि त्याच्या जवळच्या जातींसाठी संशोधकांनी नवी प्रजाती मांडली आणि तिला ‘सरडा’ हेच मराठी नाव दिले. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपला शब्द एका नेमक्या गटापुरता घेतला आणि आपण मात्र तो सगळ्या समूहावर पसरू पाहत आहोत!

समूहवाचक शब्दाबाबत माझा कौल ‘पाली-सरडे’ या जोडशब्दाला आहे. साप-विंचू, झाडे-झुडपे असे जोडशब्द मराठी कान सहज स्वीकारतो आणि नुसत्या ‘सरडे’ने होणारी दिशाभूल टळते. संस्कृत वळणाचा ‘सरटवर्ग’ करता येईल, परंतु दहा वर्षांच्या वाचकासाठी तो मला जड वाटतो.

पहिल्या प्रतिसादाच्या लेखकाची पुरवणी

‘पाली-सरडे’ मला मान्य आहे. फक्त एका ठिकाणी त्याचीही सीमा सांभाळावी लागेल. पाय असणे ही या समूहाची खूण नव्हे. ओडिशातील चिलिका सरोवरातल्या बरकुडा बेटावरून १९१७ मध्ये वर्णन झालेली एक सापसुरळी पूर्णपणे बिनपायाची आहे. उलट, न्यूझीलंडचा तुआतारा हुबेहूब सरड्यासारखा दिसतो, तरी तो या समूहात मोडत नाही. शिवाय साप हे सरड्यांसारख्याच पूर्वजांपासून निपजले, त्यामुळे वंशावळीच्या दृष्टीने साप वगळून केलेला हा गट अपुराच ठरतो. डायनोसॉरचे तर विचारूच नये: १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी ‘भयंकर सरडा’ अशा अर्थाची ग्रीक जुळणी केली आणि तो प्राणी सरडा नसतानाही आपण अजून तसा अनुवाद करतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. शीर्षकात आणि सर्वसाधारण विधानांत ‘पाली-सरडे’ घेतो आणि जेथे एखादे वैशिष्ट्य सांगायचे असेल तेथे प्राण्याचे स्वतःचे नाव लिहितो. अडलेले वाक्य आता असे केले आहे: ‘संकट ओढवले की पाल आणि अनेक सापसुरळ्या शेपटी टाकून निसटतात, बागेतला सरडा आणि घोरपड तसे करीत नाहीत.’ मुळात या जागी एकच ओळ होती, तिच्या दोन झाल्या. त्या बसवण्यासाठी चित्र थोडे लहान करावे लागेल.