मदत हवी आहे: क्लॅट यूजीचे गुण मोजून सांगा, नुसता अटेम्प्ट नको

क्लॅट यूजी, म्हणजे बारावीनंतरच्या विधी पदवीची प्रवेश परीक्षा. तिचा पेपर संपल्यापासून सगळे एकमेकांना एकच विचारताहेत, "किती सोडवले?" या आकड्यावरून कटऑफचा अंदाज बांधला तर फसगत होते. प्रश्न १२०, वेळ १२० मिनिटं, चुकीच्या उत्तराला ०.२५ वजा. शंभर सोडवून ८० बरोबर आले तर ७५ गुण. चौऱ्याऐंशीच सोडवून ७८ बरोबर आले तर ७६.५!

म्हणून विनंती: ओएमआरची (गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची) कार्बन प्रत आणि प्रश्नपुस्तिका समोर ठेवून विभागवार बरोबर, चूक आणि सोडलेले असे तीन आकडे द्याल का? स्मरणावर भरवसा नको, कारण घाईत गोल एक ओळ खाली सरकतो आणि पुढची सगळी उत्तरं बिघडतात. प्रश्नपुस्तिकेच्या संचाचं अक्षरही लिहा. प्रश्नक्रमांक संचानुसार बदलतात, तेव्हा वादाचा प्रश्न असेल तर उताऱ्याचे पहिले चार शब्द द्या.

उत्तरतालिका अंतिम होईपर्यंत दोन-तीन गुण इकडेतिकडे धराच. २०२५ च्या यूजी पेपरचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

सर्वांत जास्त हवंय ते लीगल रीझनिंगबद्दल, म्हणजे उताऱ्यातला कायद्याचा नियम लावून उत्तर द्यायच्या विभागाबद्दल. या विभागाला किती मिनिटं गेली, आणि उताऱ्यातला नियम सोडून स्वतःच्या माहितीवर उत्तर दिल्यामुळे किती चुकले? मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांसाठी महाराष्ट्र अधिवासातून अर्ज केलेल्यांनी प्रवर्गही जरूर लिहावा. त्याशिवाय तुलनेला अर्थ उरत नाही.